उभ्या सळईवरचा टाको

मेक्सिको सिटीच्या नार्वार्ते वस्तीत 'एल विल्सितो' नावाची एक जागा आहे. दिवसभर तिथे मोटारी दुरुस्त होतात. अंधार पडला की पाने-जॅक आत जातात आणि त्याच आवारात टाको विकायला सुरुवात होते, ती थेट उत्तररात्रीपर्यंत. दर्शनी बाजूला उभ्या सळईवर रचलेला मांसाचा लालभडक गड्डा, त्याच्या मागे आग, पुढे लांब सुरी घेतलेला टाकेरो, म्हणजे टाकोवाला. सुरी वरून खाली उतरते, कडेचे खरपूस पापुद्रे दुसऱ्या हातातल्या तळव्याएवढ्या मक्याच्या टॉर्टियावर पडतात. मग सुरीचं टोक सळईच्या शेंड्याला खोचलेल्या अननसाला लागतं, एक फोड हवेत उडते आणि त्याच टॉर्टियात येऊन पडते. वर बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबू, तिखट साल्सा. तीन-चार घासांत टाको संपतो आणि माणूस पुढचा मागतो.

हा टाको अल पास्तोर, मेंढपाळी पद्धतीचा टाको. परदेशी माणसाला मेक्सिकोचं खाणं म्हटलं की आज जे चार-दोन पदार्थ आठवतात, त्यात हा अगदी वर असतो. २०१९ साली नेटफ्लिक्सनं टाकोंवरची मालिका काढली, तेव्हा पहिला भाग यालाच दिला. साहजिकच अनेकांना वाटतं की हा अ‍ॅझ्टेकांच्या काळापासून चालत आलेला पदार्थ असणार. प्रत्यक्षात विसाव्या शतकाच्या मध्याआधी तो आजच्या रूपात कुठेही मिळत नव्हता. त्याची पाळंमुळं शोधत गेलं तर वाट लेबनॉनच्या डोंगरांत जाते, आणि त्याच्या मसाल्याची एक फांदी गोव्यात निघते.

टॉर्टिया तेवढा खरोखर जुना. मक्याचे वाळलेले दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवायचे, रात्रभर त्याच पाण्यात मुरू द्यायचे, सकाळी चोळून सालं काढायची आणि ओले असतानाच वाटायचे. निश्तामालाची ही रीत तिथे तीन हजारांहून जास्त वर्षं चालत आली आहे. चुन्यामुळे दोन गोष्टी होतात. पीठ बांधून येतं, त्यामुळे ते पातळ थापता येतं. आणि दाण्यात अडकून राहिलेलं नायसिन शरीराला मिळू लागतं. युरोपीयांनी मका नेला, ही रीत नेली नाही. परिणामी उत्तर इटलीत नुसत्या मक्यावर गुजराण करणारे गरीब शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या नायसिनच्या अभावी होणाऱ्या पेलाग्रानं आजारी पडत राहिले. मेक्सिकोच्या बायकांनी 'मेताते' या दगडी पाट्यावर वाटलेल्या त्या पिठात केवढं शहाणपण होतं, हे विज्ञानाला फार उशिरा कळलं.

डुक्कर मात्र जहाजातून आलं. १५२१ मध्ये अ‍ॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तितलान पडली आणि एर्नान कोर्तेसनं कोयोआकानला विजयाची मेजवानी दिली. तिच्यासाठी क्यूबाहून डुकरं आणि स्पेनहून दारू आली होती, असं त्याच्या सैन्यातला शिपाई बेर्नाल दियास देल कास्तियो यानं नोंदवून ठेवलं आहे. कोथिंबीर, कांदा, लसूण, जिरं, लवंग, दालचिनी हे सगळंही बाहेरचंच. मिरची, मका, अननस आणि शेंद्री ही अमेरिका खंडाची आपली.

राहिली सळई.

मांस सळईला खोचून आडवं भाजणं जगभर आहे. पण आडव्या सळईची अडचण अशी, की चरबी वितळून थेट निखाऱ्यांवर पडते. धूर होतो, ज्वाळा उठतात आणि चव वाया जाते. सळई उभी केली, आग तिच्या बाजूला नेली की वरची चरबी खालच्या थरांवरून ओघळत जाते आणि मांस आपल्याच रसात भिजत राहतं. ही युक्ती ऑटोमन साम्राज्यातली. जेम्स रॉबर्टसन या छायाचित्रकारानं १८५५ साली टिपलेल्या एका छायाचित्रात असा उभा डोनर कबाब दिसतो. बुर्सा शहरातलं इस्केंदर एफेंदी यांचं घराणं या शोधाचं श्रेय स्वतःकडे घेतं आणि १८६७ हे साल सांगतं; छायाचित्र त्याच्या आधीचं आहे. साम्राज्याच्या अरबी मुलखांत हेच मांस शावर्मा झालं. गेल्या काही दशकांत आखातातून परतलेल्यांच्या मागोमाग मुंबई-पुण्याच्या नाक्यांवर जो शोरमा उभा राहिला, तो याच वंशातला. म्हणजे आपल्या शोरम्याचा आणि मेक्सिकोच्या अल पास्तोरचा आजा एकच.

ही सळई अटलांटिकपार गेली ती माणसांच्या हलाखीमुळे. माउंट लेबनॉनचा डोंगराळ भाग एकोणिसाव्या शतकात रेशमावर जगत होता. उतारांवर तुतीची लागवड, घरोघरी रेशीमकिडे, आणि बहुतेक माल फ्रान्सच्या गिरण्यांकडे. १८६० मध्ये तिथे द्रूझ आणि मारोनी ख्रिस्ती यांच्यात भयंकर कत्तली झाल्या. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, चीन-जपानचं रेशीम युरोपात स्वस्तात पोचू लागलं आणि लेबनॉनच्या रेशमाचा भाव घसरला. पुढे पहिल्या महायुद्धात तर असा दुष्काळ पडला की त्या डोंगरातली सुमारे एक तृतीयांश माणसं मेली, असे अंदाज आहेत. तरुण मुलं बैरुतच्या बंदरातून मिळेल त्या बोटीवर चढत होती. कुणी न्यूयॉर्कला उतरलं, कुणी ब्राझीलला, कुणी मेक्सिकोच्या वेराक्रूसला.

मेक्सिकोत त्यांना सरसकट 'तुर्की' म्हणत, कारण प्रवासाची कागदपत्रं ऑटोमन सुलतानाच्या सरकारची असत. ज्या सत्तेला कंटाळून माणसं निघाली, तिचंच नाव त्यांना चिकटलं. बहुतेकांचा पहिला धंदा पाठीवर गाठोडं घेऊन गावोगाव फिरण्याचा होता: सुया, दोरे, कंगवे, कापड, तसबिरी. माल आज घ्या, पैसे हप्त्यानं द्या, ही त्यांची रीत. रोकड नसलेल्या गरीब घरांना ती सोयीची पडली. फेरीवाल्याचं दुकान झालं, दुकानाची पेढी झाली. १९०२ मध्ये आलेल्या हुलियान स्लिम यांनी १९११ साली राजधानीत 'ला एस्त्रेया दे ओरिएन्ते' हे दुकान काढलं. जगातल्या सर्वांत श्रीमंतांत गणले गेलेले कार्लोस स्लिम हे त्यांचे चिरंजीव. १९४२ मध्ये 'एल बाइसानो हालील' हा चित्रपट आला, त्याचा नायकच लेबनानी व्यापारी होता. पण स्वागत सगळ्यांनी आणि सदासर्वकाळ केलं असं नाही. १९२७ साली मेक्सिको सरकारनं सिरियन, लेबनानी, अरब, तुर्की अशा लोकांच्या येण्यावर निर्बंध घातले. ज्या समाजानं मेक्सिकोला त्याचा लाडका टाको दिला, त्याच्यासाठी दार लोटून घेतल्यानंतरच तो टाको जन्मला, हे विसरता कामा नये.

खाणं त्यांच्याबरोबर आलंच. युकातानमधल्या मेरिदा शहरात किब्बे या लेबनानी खाद्यपदार्थाचे 'किबी' झाले आणि रस्त्यावर, समुद्रकिनाऱ्यावर विकले जाऊ लागले. आजही विकले जातात, सोबतीला आबानेरो मिरची. उभ्या सळईनं मात्र मुक्काम केला पुएब्लात.

पुएब्ला हे वेराक्रूस आणि राजधानी यांच्या मधलं शहर. बंदरावरून निघालेला माल आणि माणूस तिथे थांबल्याशिवाय पुढे जात नसे. कापड गिरण्यांमुळे पूर्वेकडून आलेले बरेच व्यापारी तिथे स्थिरावले. पुएब्लाला परक्याची सवयही जुनी होती. सतराव्या शतकात पोर्तुगीज चाच्यांनी हिंदुस्थानातून पळवलेली एक मुलगी कोचीन, मनिला आणि अकापुल्को असा प्रवास करून गुलाम म्हणून याच शहरात पोचली. कातारिना दे सान हुआन या नावानं ती पुढे संत म्हणून पूजली गेली आणि १६८८ मध्ये तिथेच वारली. सिरॅमिकच्या निळ्या फरशांनी मढलेल्या पुएब्लाच्या त्या गल्ल्यांमध्ये १९३० च्या दशकात शावर्म्याची सळई फिरू लागली. 'ला ओरिएन्ताल' ही तिथली टाकेरिया, म्हणजे टाकोचं दुकान, आपलं स्थापनेचं साल १९३३ सांगते.

तिथे जे तयार झालं त्याला 'टाकोस आराबेस' म्हणजे अरबी टाको म्हणतात. सुरुवातीला मांस मेंढीचं होतं, पण मेक्सिकोत डुकराचं मांस मुबलक आणि स्वस्त होतं. आलेल्यांपैकी बहुसंख्य ख्रिस्ती असल्यामुळे धर्माची आडकाठी नव्हती, म्हणून बदल सहज झाला. मसाला साधा: जिरं, कांदा, लिंबू किंवा व्हिनेगर, सुकी पानं. मांस गुंडाळायला पिटा रोटीचीच एक जाडसर बहीण, जिला तिथे 'पान आराबे' म्हणतात. ताहिनीच्या जागी धुरावलेल्या चिपोत्ले मिरचीची साल्सा आली. पुएब्लात आजही हा अरबी टाको जसाच्या तसा मिळतो. अल पास्तोर जगभर गेला म्हणून त्याच्या बापाला मागे टाकणं बरोबर नाही. गव्हाच्या मऊ रोटीतला तो कमी तिखट, जिऱ्याचा वास असलेला टाको स्वतःच्या हक्कानं उत्तम आहे.

अरबी टाकोचा अल पास्तोर झाला तो आणखी एका पिढीनंतर. मुलं मेक्सिकोत जन्मलेली, जिभेला मिरची लागलेली. पान आराबे गेला, मक्याचा टॉर्टिया आला. फिकं मांस लाल झालं, कारण त्याला आता आदोबो हे मिरचीचं वाटण लागलं. मेक्सिकन खाद्यसंस्कृतीचे इतिहासकार जेफ्री पिल्चर यांनी 'प्लॅनेट टाको' या २०१२ मधल्या पुस्तकात हे वळण स्थलांतरितांच्या पुढच्या पिढीचंच काम म्हणून मांडलं आहे.

आदोबोपाशी मराठी वाचकानं जरा थांबावं. व्हिनेगर, लसूण, मीठ आणि मसाल्यात मांस मुरवून टिकवायचं, ही आयबेरियाच्या शेतकऱ्यांची जुनी रीत. स्पॅनिशांनी ती पश्चिमेला मेक्सिकोत नेली. तिथे तिला ग्वाहियो आणि आंचो या सुक्या मिरच्या भेटल्या. पोर्तुगीजांची तीच रीत 'कार्ने दे विन्या द'आल्योस' या नावानं, म्हणजे दारू आणि लसणातलं मांस म्हणून, १५१० नंतर पूर्वेला गोव्यात आली. गोव्यात वाइन-व्हिनेगर कुठलं? माडाच्या सुरेचं व्हिनेगर वापरलं गेलं, आणि मेक्सिकोच्या बाजूची मिरची पोर्तुगीज जहाजांतून इथे पोचून त्याच वाटणात पडली. त्यातून विंदालू झालं. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांतलं इंद्याल त्याच नात्यातलं. म्हणजे आदोबोचा लाल गोळा आणि विंदालूचं वाटण शेजारी शेजारी ठेवलं तर मिरची, लसूण, जिरं, लवंग, दालचिनी, व्हिनेगर हे सगळं दोन्हीकडे सापडतं. फरक शेंद्रीचा. तिथे तिला अचियोते म्हणतात. तिच्या काटेरी बोंडातल्या लाल बिया आपल्याकडे लोण्या-चीजच्या रंगासाठी वापरतात; युकातानच्या माया लोकांनी तिचा मसाला केला. अल पास्तोरला जो विटकरी-केशरी रंग असतो, तो मिरची आणि शेंद्री दोघींचा मिळून.

पहिला अल पास्तोर कुणी केला, यावर राजधानीत वाद आहे. आयुन्तामियेन्तो रस्त्यावरचं 'एल वेकितो' १९५९ पासूनचं. ते पहिला मान मागतं. कोन्देसा भागातलं 'एल तिसोन्सितो' १९६६ चं. ते स्वतःला या टाकोचा पाळणा म्हणवतं आणि संस्थापक कोन्सेप्सिओन सेर्वान्तेस यांचं नाव पुढे करतं. दोन्ही ठिकाणी आजही गर्दी असते. पण हा निवाडा करत बसण्यात हशील नाही. त्या वर्षांत राजधानी वेड्यासारखी वाढत होती. खेड्यांतून लोंढे येत होते, १९६८ च्या ऑलिम्पिकची तयारी चालली होती, १९६९ मध्ये मेट्रो सुरू झाली. रात्रपाळीचे कामगार, सिनेमा सुटल्यावर बाहेर पडलेली माणसं, उशिरापर्यंत जागे विद्यार्थी, या सगळ्यांना उभ्या उभ्या, झटपट, पोटभर आणि स्वस्त असं काहीतरी हवं होतं. उभी सळई ती गरज नेमकी भागवते: मांस सतत तयार, एका वेळी एकाचा टाको कापता येतो, आणि हवी फक्त हातगाडीएवढी जागा. अशा वेळी दहा कोपऱ्यांवरचे दहा टाकेरो एकाच निष्कर्षाला येतात. खरे कर्ते ते आहेत, आणि त्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत.

त्यांचं कसब मोठं आहे. मांसाचे पातळ, रुंद काप करून रात्रभर मुरवायचे. सकाळी सळईवर एकेक काप खोचत, मधून मधून चरबीचे तुकडे घालत, वर रुंद आणि खाली निमुळता असा आकार आणायचा. म्हणूनच त्याला त्रोंपो, भोवरा, म्हणतात. रचना कुठे ढिली राहिली तर कापताना मांस कोसळतं. आगीजवळ जास्त वेळ ठेवलं तर कोरडं पडतं, दूर ठेवलं तर कडा कुरकुरीत होत नाहीत. म्हणून गर्दी पाहून सळई फिरवायची आणि आच कमी-जास्त करायची. पूर्वी आग कोळशाची असे, आता बहुतेक ठिकाणी गॅस आला आहे. जिथे कोळसा टिकला, तिथली चव वेगळी कळते.

मग हे घरी कसं करायचं? मेक्सिकोतसुद्धा फारसं कुणी घरी करत नाही. कोपऱ्यावर मिळत असताना कशाला, हा तिथला व्यवहार. पण तिथून दूर गेलेले मेक्सिकन करतात, आणि आपल्याला तर करण्यावाचून गत्यंतर नाही. सुदैवानं गोवा, वसई किंवा मुंबई-पुण्यात लागणारं जवळजवळ सगळं मिळतं.

मांस खांद्याचं घ्यावं, थोडी चरबी असलेलं. तास-दीड तास फ्रीझरमध्ये ठेवून अर्धवट गोठवलं की अर्ध्या सेंटिमीटरचे काप सरळ निघतात. किलोभर मांसाला दहा-बारा ब्याडगी मिरच्या बिया काढून गरम पाण्यात भिजवाव्या; रंग भरपूर आणि तिखटपणा बेताचा, हा ग्वाहियोचा गुण ब्याडगीत आहे. त्यात सात-आठ लसूणपाकळ्या, चमचाभर भाजलेलं जिरं, दोन-तीन लवंगा, दालचिनीचा छोटा तुकडा, सुकं ओरेगानो, मीठ आणि पाव वाटी व्हिनेगर घालून गंधासारखं वाटावं. गोव्याचं माडाच्या सुरेचं व्हिनेगर मिळालं तर दुसरं शोधू नये. शेंद्रीच्या बिया दगडासारख्या कडक असतात, मिक्सरला दाद देत नाहीत. त्यांचा रंग चरबीत उतरतो, म्हणून मंद आचेवर तेलात त्या गरम कराव्या आणि तेल लाल झालं की गाळून वाटणात ओतावं. तेल कडकडीत तापलं की रंग काळवंडतो. वाटण कापांना चोळून रात्रभर फ्रिजमध्ये.

अननसाची घाई इथेच नडते. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते मांसाचे तंतू तोडतं. रात्रभर ताजा रस लागला तर सकाळी मांसाचा लगदा हाती येतो. रस घालायचाच असेल तर उकळून गार करून घालावा, नाहीतर भाजण्याआधी अर्धा तास.

उभ्या सळईची नक्कल ओव्हनमध्ये होते. अननसाची दोन बोटं जाडीची चकती खोलगट ट्रेमध्ये ठेवून तिच्यात लाकडी काड्या उभ्या खोचायच्या आणि त्यांवर काप दाबून रचत जायचे. १८० अंशांवर दीड-दोन तास, मांस आतपर्यंत पूर्ण शिजेपर्यंत. बाहेर काढून पंधरा मिनिटं तसंच ठेवावं, मग वरून खाली पातळ कापावं. तरीही टाकेरियासारख्या जळक्या कडा ओव्हन देत नाही. त्यासाठी कापलेले पापुद्रे बिडाच्या कडकडीत तापलेल्या तव्यावर, थोड्या थोड्या घाण्यांनी, न हलवता परतावेत. ओव्हन नसेल तर मुरवलेले काप थेट या तव्यावर शिजवून मग चिरले तरी चालतं. चरबीची ओघळ तेवढी मिळत नाही.

टॉर्टियासाठी दुकानातलं साधं मक्याचं पीठ कामाचं नाही. ते चुन्यातून गेलेलं नसतं, म्हणून पातळ थापलं की फाटतं आणि दुमडलं की तुटतं. किलोभर वाळला मका, दोन लहान चमचे पानाचा चुना आणि भरपूर पाणी स्टीलच्या पातेल्यात घ्यावं. अ‍ॅल्युमिनियमचं नको, चुना त्याला खातो. साल बोटानं सुटेपर्यंत, साधारण पाऊण तास, मंद उकळून रात्रभर झाकून ठेवावं. सकाळी तीन-चार पाण्यांत चोळून धुवावं आणि इडलीच्या ग्राइंडरमध्ये कमीत कमी पाणी घालून वाटावं. लिंबाएवढा गोळा प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून वरून ताटलीनं दाबला की टॉर्टिया तयार. तापलेल्या तव्यावर तो दोन्हीकडून भाजला आणि शेवटी किंचित फुगला, म्हणजे पीठ जमलं.

घरी वेळ कमी असेल तर सळई सोडा, शेंद्रीही सोडा, पण चुना सोडू नका; टाकोचा अर्धा जीव त्या टॉर्टियात आहे. किलोभर मांसात पाच-सहा जणांचं जेवण होतं. टाको मात्र ताटात रचून टेबलावर नेऊ नयेत. तव्याभोवती सगळ्यांना उभं करावं आणि जसजसा होईल तसतसा एकेकाच्या हातावर द्यावा.